कॅरव्हॅनसाठी टायर प्रेशर मॉनिटर घेताय? आधी व्हॉल्व्ह बघा, स्क्रीन नंतर

टायर प्रेशर मॉनिटर म्हणजे प्रत्येक चाकाला एक छोटा सेन्सर आणि त्या चाकांची हवा दाखवणारी ड्रायव्हरसमोरची स्क्रीन. कॅरव्हॅन मागे जोडून गाडी चालवणाऱ्याला मागच्या चाकांत काय चाललंय ते कळतच नाही, आणि नवीन कॅरव्हॅन घेणाऱ्यांना हे पटायला जरा वेळ लागतो, कारण आपल्या सगळ्यांच्या अंगात सवय मुरलेली असते ती कारची. कारचं पुढचं चाक बसलं की स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागतं, मागचं बसलं की गाडी मागून डुलते, आवाज येतो, आपण लगेच बाजूला घेतो. कॅरव्हॅनचं चाक तुमच्यापासून आठ-नऊ मीटर मागे, तुमच्या सीटचा आणि त्याचा संबंध फक्त एका टोबॉलपुरता, म्हणजे व्हॅन अडकवायच्या गोळ्यापुरता. त्यातून आमच्यासारखी टँडम अॅक्सलची व्हॅन असेल, म्हणजे एका बाजूला एकामागे एक दोन चाकं, तर एक चाक बसलं की शेजारचं दुसरं चाक मुकाट्याने सगळा भार अंगावर घेतं, व्हॅन आरशात अगदी सरळ दिसते आणि तुम्ही गाणी ऐकत शंभरच्या स्पीडने पुढे जात राहता. तोवर बसलेला टायर आतून तापून तापून त्याची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, मऊ होते, मग ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा नक्षीचा पट्टा, सुटतो, आणि सुटलेला तो पट्टा व्हीलआर्चमध्ये फटाफट आपटतो तेव्हा जे काही मध्ये येईल ते घेऊन जातो, वायरिंग, ग्रे वॉटरचा (सांडपाण्याचा) पाइप, कधी खालून जाणारी गॅसची लाइन, कधी व्हीलआर्चच्या वरचं कपाटसुद्धा. नवीन टायर दोन-तीनशे डॉलरला येतो पण हे सगळं रिपेअर करायचा खर्च विचारू नका.

आम्ही मेलबर्नला राहतो, टोयोटा प्राडोमागे एकवीस फुटी व्हॅन लावून फिरतो, मी आणि नवरा आलटून पालटून चालवतो आणि टायरचं खातं माझ्याकडे आहे. इथल्या मराठी लोकांत गेल्या काही वर्षांत कॅरव्हॅन घेणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढलीय, त्यामुळे गणपतीत नाहीतर कुणाच्या बार्बेक्यूला भेटलं की "ताई, ते टायरवालं मॉनिटर कुठलं घेऊ" हा प्रश्न येतोच. मग मी उलट चार प्रश्न विचारते, व्हॉल्व्ह (टायरमध्ये हवा भरायच्या नळ्या) रबराचे की मेटलचे, थंड टायरचं (चालवायच्या आधीचं) प्रेशर किती, गाडी आणि व्हॅन मिळून चाकं किती, कच्च्या रस्त्यावर जाणार का, आणि समोरचा माणूस म्हणतो अहो मी फक्त कंपनीचं नाव विचारलं होतं. तर हे सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट. आपल्या कारमध्ये प्रेशरची लाइट असते मग कॅरव्हॅनमध्ये कंपनीने का नाही दिली? कारण कायदे कारपुरते झाले. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनचे टायर आणि फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचं मोठं प्रकरण झालं, ट्रेड सुटून गाड्या उलटल्या, माणसं गेली, पासष्ट लाखांच्या आसपास टायर परत मागवले गेले आणि त्याच वर्षी तिथे TREAD (ट्रेड) अॅक्ट नावाचा कायदा आला. त्यातून पुढे २००७ पासून नवीन हलक्या गाड्यांना प्रेशर मॉनिटर सक्तीचं झालं. युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नवीन कार्सना. पण मागे ओढायची साधी कॅरव्हॅन त्यात आली नाही. युरोपातला नंतरचा नियम ट्रेलरपर्यंत पोचला तोही साडेतीन टनांच्या वरच्या. म्हणजे ज्या चाकाची ड्रायव्हरला सगळ्यात कमी खबर लागते नेमकं तेच चाक नियमाच्या बाहेर राहिलं, आणि हे मला खरंच खटकतं.

आणि कारमधली लाइट ज्या हिशोबाने लागते तो हिशोबही व्हॅनला पुरत नाही. अमेरिकन नियमात ठरलेल्या प्रेशरपेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की लाइट लागली पाहिजे असं आहे. आमच्या व्हॅनचं थंड प्रेशर ४५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), त्याचे २५ टक्के म्हणजे ११, म्हणजे ३४ ला आल्यावर ओरडणार. भरलेल्या व्हॅनचा टायर आधीच त्याच्या ताकदीच्या वरच्या टोकाला काम करत असतो, पाण्याच्या टाक्या, बॅटरी, गॅसचे सिलिंडर, आपला कुकर-कढया-डाळतांदूळ हे सगळं त्याच्यावर, तो ३४ ला येईपर्यंत उन्हात तासभर पळाला तर बरंच नुकसान होऊन बसलेलं असतं. काही कार्समध्ये तर चाकात सेन्सरच नसतो, एबीएसचे, म्हणजे ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमचे, जे सेन्सर असतात त्यावरून चाक किती वेगाने फिरतंय ते बघून अंदाज बांधतात की हे चाक बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतंय म्हणजे त्याचा घेर कमी झाला म्हणजे हवा कमी. चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर ते गप्प बसू शकतं. व्हॅनसाठी प्रत्येक चाकात स्वतःचा सेन्सरच पाहिजे, त्याला पर्याय नाही.

आता व्हॉल्व्ह, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोक दुकानात स्क्रीनचा रंग बघतात आणि व्हॉल्व्ह कुणीच बघत नाही.

बाजारात मुख्य प्रकार दोन. एक बाहेरून व्हॉल्व्हवर टोपीसारखा फिरवून बसवायचा, दुसरा टायर काढून रिमच्या आत बसवायचा. बाहेरचा सोपा, पाच मिनिटांत आपला आपण लागतो, बॅटरी संपली की बऱ्याच सेन्सरमध्ये सीआर १६३२ सारखा साधा सेल बदलता येतो, व्हॅन विकली तर काढून घेता येतो, म्हणून बहुतेक जण तोच घेतात. पण तो बसवल्यावर नक्की काय होतं ते समजून घ्या. प्रेशर मोजायला त्याला आतल्या हवेपर्यंत पोचावं लागतं, म्हणून तो व्हॉल्व्हच्या आतली पिन कायम दाबून धरतो. म्हणजे जो व्हॉल्व्ह कोअर (आतली पिनवाली झडप) हवा अडवून धरत होता तो आता उघडा आहे आणि हवा अडवतोय तो सेन्सरच्या आतला छोटासा रबरी वॉशर. तो वॉशर खराब झाला, सेन्सर तिरका बसला, दगड लागून त्याचं टोपण फुटलं, की हवा सरळ बाहेर. म्हणून बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचेच, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत एकदा.

दुसरं वजन. असा सेन्सर साधारण १०-१५ ग्रॅमचा, ज्यातून हवा भरता येते तो फ्लो-थ्रू प्रकार जरा अजून जड. हातात घेतला तर काहीच वाटत नाही. पण आमच्या व्हॅनला २३५/७५ आर १५ टायर आहेत, ताशी १०० किमीला हे चाक सेकंदाला बारा फेऱ्या मारतं, आणि व्हॉल्व्ह जिथे असतो तिथे त्याचा ढोबळ हिशोब केला तर वस्तू तिच्या वजनाच्या शंभरपट ताकदीने बाहेर ओढली जाते. म्हणजे १२ ग्रॅमचा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकाला सव्वा किलोसारखा लोंबकळतोय, दिवसभर, आणि गाडी थांबली की सोडतोय, चालली की परत ओढतोय. रबरी व्हॉल्व्ह यासाठी बनलेलाच नाही, तो बुडाशी वाकत राहतो आणि तिथेच चिरतो, रिमच्या भोकाच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेरून दिसतही नाही. शिवाय कार्सना सर्रास लावतात तो साधा रबरी स्नॅप-इन (भोकात ओढून बसवायचा) व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो. त्यामुळे माझा नियम सोपा आहे, बाहेरचा सेन्सर लावायचा तर आधी चारही चाकांना नटाने आवळायचे मेटलचे व्हॉल्व्ह बसवून घ्या, टायरवाल्याकडे तासाभराचं काम, त्यावर सेन्सर. हे पैसे स्क्रीनवर घालवण्यापेक्षा इथे घाला. आणि चाकं परत बॅलन्स करून घ्या, व्हॅनची चाकं बॅलन्स करायची असतात हेच बऱ्याच टायरवाल्यांना आठवण करून द्यावं लागतं.

तिसरं गंज. पितळेचा व्हॉल्व्ह आणि अॅल्युमिनियमची थ्रेड असलेला सेन्सर, मध्ये पाणी, त्यातून समुद्रकाठचं खारं वारं, की दोन धातू एकमेकांना धरून बसतात. ग्रेट ओशन रोडवर किंवा फिलिप आयलंडला जाऊन येणाऱ्यांना हे लवकर भेटतं. मग सेन्सर निघत नाही, जोर लावला तर व्हॉल्व्हच तुटून हातात येतो. पितळेच्या थ्रेडचा सेन्सर घेणं सगळ्यात उत्तम, नाहीतर थ्रेडला चिमूटभर अँटी-सीझ (धातू एकमेकांना धरू न देणारं) ग्रीस आणि दर दोन-तीन महिन्यांनी एकदा सैल करून परत आवळायचा.

आतला सेन्सर या सगळ्यापासून सुटतो. त्याला दगड लागत नाही, चोर नेत नाही, टेंपरेचरही तो खरं सांगतो कारण तो आतल्या गरम हवेत बसलेला असतो, बाहेरचा सेन्सर मात्र शंभरच्या वाऱ्यात गार होत असतो आणि त्याचा आकडा नेहमी कमी येतो. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या गिब रिव्हर रोडसारख्या ठिकाणी जाणार असाल, साधारण ६६० किमीचा तो रस्ता, बराचसा कच्चा, आडव्या लाटा-लाटांचा, गाडीच्या मागच्या चाकांनी उडवलेली खडी सरळ व्हॅनच्या चाकांवर येऊन आपटते, तर मी आतलेच घ्या म्हणेन. त्याचा त्रास एवढाच की बॅटरी सीलबंद असते, पाच-सात वर्षांनी अख्खा सेन्सर बदलायचा, आणि टायर बदलताना टायरवाल्याला आठवणीने सांगायचं की आत सेन्सर आहे, नाहीतर मशीनच्या पट्टीने तो तुटतो. रिमवर व्हॉल्व्हजवळ एक स्टिकर लावून टाका. माझं गणित असं आहे की पुढच्या वर्षभरात टायर बदलायचेच असतील तर थांबा आणि नव्या टायरसोबत आतले सेन्सर टाका, टायर तसेही उघडणारच आहेत. टायर अजून चांगले असतील आणि फिरणं डांबरी रस्त्यावरच असेल तर मेटल व्हॉल्व्ह आणि बाहेरचे सेन्सर, त्यात काही कमीपणा नाही.

मोटरहोमवाल्यांनो, तुमचं दुखणं वेगळं. तुम्हाला चाकाची खबर थोडीफार लागते कारण तुम्ही त्याच गाडीत बसलेले असता, पण तुमचं प्रेशर फार जास्त असतं. फियाटच्या डुकाटो या मालवाहू व्हॅनवर बांधलेली ती युरोपियन मोटरहोम्स, त्यांच्या टायरवर सीपी लिहिलेलं असतं, खास कॅम्पिंगच्या गाड्यांसाठी बनवलेला कडक साइडवॉलचा टायर, आणि मागच्या अॅक्सलला साडेपाच बारपर्यंत म्हणजे जवळपास ८० पीएसआय हवा लागते. कारसाठी बनवलेल्या स्वस्त किटमधले बरेच सेन्सर साडेतीन बार, म्हणजे ५० पीएसआयच्या आसपास संपतात. ऑनलाइन फोटोत सगळे सारखेच दिसतात, स्पेसिफिकेशनमध्ये खाली बारीक अक्षरात कमाल प्रेशर लिहिलेलं असतं तेवढं शोधून वाचा आणि तुमच्या थंड प्रेशरच्या वर निदान ३० टक्के जागा ठेवा, कारण गरम झाल्यावर आकडा चढतो. ८० पीएसआयला रबरी व्हॉल्व्हचा प्रश्नच येत नाही, मेटलच.

आणि मागे जोडचाकं, म्हणजे एका बाजूला शेजारी-शेजारी दोन चाकं, असतील, आयव्हेको डेली किंवा स्प्रिंटरच्या मोठ्या मॉडेलला असतात तशी, तर आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह हाताला लागत नाही म्हणून लोक एक्स्टेन्शनची नळी लावतात आणि तिच्या टोकाला सेन्सर. ती नळी रबराची आणि लोंबती असेल तर सेन्सरच्या वजनाने ती रिमवर घासून घासून गळायला लागते. स्टीलची जाळी असलेली आणि रिमला पक्की क्लिप केलेली नळी, नाहीतर जोडचाकांना सरळ आतले सेन्सर. जोडचाकांतही टँडमसारखंच होतं, आतलं बसलं की बाहेरचं भार घेतं आणि बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

सिग्नलचं बोलू. हे सेन्सर इथे ४३३ मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेत ३१५ पण चालतं, म्हणून तिकडून स्वस्तात मागवायचं असेल तर आधी फ्रीक्वेन्सी बघा. सेन्सरचा सेल शेंगदाण्याएवढा नाही पण बटणाएवढाच, त्याची ताकद ती किती, आणि मध्ये काय काय तर अॅल्युमिनियमच्या पत्र्याची व्हॅन, फ्रिज, पुढचं टूलबॉक्स, गाडीचा मागचा दरवाजा. व्हॅन लांब असेल तर रिपीटर लागतो, काही लोक बूस्टर म्हणतात, तो व्हॅनच्या पुढच्या भागात १२ व्होल्टवर बसवायचा. किटमध्ये येतो का वेगळा घ्यावा लागतो ते विचारा. आणि हे तपासायचं कसं तर घरीच, निघायच्या आधी, गाडी जोडून इंजिन चालू करून एकाने ड्रायव्हर सीटवर बसायचं आणि दुसऱ्याने सगळ्यात मागच्या चाकाची हवा थोडी थोडी सोडायची, अलार्म किती वेळात वाजतो ते बघायचं. पटकन हवा गेली की चांगला सेन्सर लगेच सांगतो, एरवी मात्र सेल वाचवायला तो काही मिनिटांनी एकदाच आकडा पाठवतो, आणि गाडी उभी असेल तर झोपतो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या स्क्रीनवर दिसतो तो आकडा बऱ्याचदा काल रात्रीचा असतो, त्यावर विसंबून निघू नका, हातातला गेज घेऊन एक फेरी मारा. स्क्रीन आणि गेज यांत एक-दोन पीएसआयचा फरक चालतो, जास्त असेल तर कोण खोटं बोलतंय ते शोधा.

ब्लूटूथवाल्या, फोनवर दिसणाऱ्या किटबद्दल नेहमी विचारतात. कारला ठीक. व्हॅनला मला नको वाटतं कारण रेंज कमी, आणि फोनवर मॅप चालू, गाणी चालू, उन्हात फोन तापून बंद पडतो नेमका अशा वेळी अलार्म कुठून वाजणार. वेगळी स्क्रीन घ्या. सोलरवर चालणाऱ्या छोट्या स्क्रीन छान दिसतात पण त्यांची बॅटरी इथल्या जानेवारीच्या उन्हाळ्यात डॅशबोर्डवर उन्हात भाजून निघते, मला यूएसबीवर चालणारी बरी वाटते. आणि अलार्मचा आवाज मोठा पाहिजे, शंभरच्या स्पीडला खिडकी थोडी उघडी असताना ऐकू आला पाहिजे, ही गोष्ट दुकानात कुणी तपासत नाही.

व्हॅन कॅम्पसाइटवर सोडून फक्त गाडी घेऊन फिरायला गेलात की स्क्रीन ओरडायला लागते, मागची चार चाकं हरवली म्हणून. चांगल्या किटमध्ये व्हॅनची चाकं एका बटणाने बंद-चालू करता येतात. हे नसेल तर लोक कंटाळून स्क्रीनच काढून ठेवतात आणि परत निघताना लावायची विसरतात, म्हणून मी याला चैनीचं फीचर म्हणत नाही.

अलार्म सेट करणं हा खरा महत्त्वाचा भाग. प्रत्येक अॅक्सलला वेगळं प्रेशर सेट करता आलंच पाहिजे, आमच्या प्राडोचं पुढचं वेगळं, लोड असताना मागचं वेगळं, व्हॅनचं ४५. सगळ्याला एकच आकडा घेणारं किट सरळ सोडून द्या. खालचा अलार्म मी थंड प्रेशरच्या १२-१५ टक्के खाली ठेवते, ४५ ला ३९. वरचा ठेवताना उन्हाचा विचार करा. हवा तापली की प्रेशर वाढतं हे शाळेत शिकलेलंच आहे, ४५ पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंश सेल्सिअसला साधारण २ पीएसआय, ८० च्या टायरमध्ये ३ च्या थोडं वर. आउटबॅकमध्ये, म्हणजे इथल्या आतल्या ओसाड भागात, जुलैच्या थंडीत पहाटे टायर हाताला बर्फासारखा लागतो आणि दुपारी पळताना तोच चांगला गरम. शिवाय ज्या बाजूला ऊन त्या बाजूची चाकं दोन-तीन पीएसआयने वर दिसतात, पश्चिमेकडे नलारबोरचं ओसाड मैदान पार करताना, म्हणजे तो १४६ किलोमीटरचा एकही वळण नसलेला सरळसोट पट्टा येतो तिथे तर अख्खा दिवस उजवी बाजू चढलेली दिसते, कारण इथे सूर्य उत्तरेला असतो, आणि आपल्याला भारतात वाढल्यामुळे ते लक्षात यायला वेळ लागतो. ते नॉर्मल आहे. वरचा अलार्म २५ टक्क्यांच्या आसपास ठेवा म्हणजे उगाच वाजणार नाही. आणि गरम टायरचा आकडा वर गेला म्हणून कधीही हवा सोडू नका. सोडली तर संध्याकाळी गार झाल्यावर तो कमी हवेचा टायर झाला आणि उद्या त्याच टायरवर तुम्ही निघणार.

इथल्या लोकांचा एक जुना ठोकताळा आहे, चार पीएसआयचा. सकाळी थंड टायरमध्ये हवा भरा, तासभर चाला, मग बघा प्रेशर किती वाढलं. फोरव्हील ड्राइव्ह गाडीच्या साध्या टायरला साधारण ४ आणि लाइट ट्रक टायरला ६ पीएसआय वाढलं तर तुमची हवा लोड आणि वेगाला बरोबर आहे. त्यापेक्षा फार जास्त वाढलं तर टायर जास्त वाकतोय म्हणून जास्त तापतोय, म्हणजे हवा कमी आहे किंवा लोड जास्त आहे किंवा वेग, आणि फार कमी वाढलं तर हवा जास्त झालीय. पूर्वी हे करायला थांबून खाली वाकून प्रत्येक चाकाला गेज लावावा लागायचा म्हणून कुणी करायचं नाही. मॉनिटरचा मला सगळ्यात मोठा फायदा हाच वाटतो, पंक्चर तर कधीतरी होतं पण हा आकडा रोज समोर असतो. भर दुपारी निघालात तर बाहेरच्या टेंपरेचरचा फरक त्यात मिसळतो, म्हणून चारही चाकं एकमेकांशी ताडून बघा. एकाच बाजूची दोन्ही चाकं रोज जास्त चढत असतील आणि ऊन त्या बाजूला नसेल तर व्हॅनमध्ये सामान एका बाजूला झालंय, वेब्रिजवर (गाड्यांच्या वजनकाट्यावर) जाऊन वजन करा. एकच चाक बाकीच्या तिघांपेक्षा कायम गरम दाखवत असेल तर टायर सोडून आधी बेअरिंग आणि ब्रेक बघा, इलेक्ट्रिक ब्रेक अडकून घासत असला की हब (चाकाचा मधला भाग) तापतो. बाहेरच्या सेन्सरला हे नीट कळत नाही म्हणून प्रत्येक स्टॉपला हाताचा पालथा पंजा हबजवळ नेऊन बघायची सवय ठेवा, जवळ न्या, चिकटवू नका.

कच्च्या रस्त्यावर उतरताना हवा कमी करतात, साधारण पाव भाग, आणि वेगही कमी. वाळूवर तर १८ वगैरेपर्यंत. मग ३९ ला सेट केलेला अलार्म सतत बोंबलणार. अशा वेळी सेटिंग बदलायला मेनूमध्ये शिरून दहा बटणं दाबावी लागली तर माणूस काय करतो, म्यूट करतो, आणि नेमक्या सगळ्यात वाईट रस्त्यावर मॉनिटर मुकं होतं. म्हणून दुकानात विकणाऱ्यालाच सांगा की मला व्हॅनचं प्रेशर ४५ वरून ३४ करून दाखव. त्याला मिनिटभरात जमलं तर तुम्हालाही जमेल. काही किटमध्ये आत्ता आहे ते प्रेशर हेच मूळ धरायचं एक बटण असतं, ते फार कामाचं, फक्त परत डांबरी रस्त्याला लागल्यावर हवा भरून ते परत दाबायचं.

हे यंत्र काय सांगू शकत नाही तेही लिहिते कारण ते लावलं म्हणून लोक टायर बघायचं सोडतात. टायर म्हातारा झालाय हे त्याला कळत नाही. कॅरव्हॅनचा टायर झिजून मरत नाही, ड्राइव्हवेमध्ये उन्हात उभा राहून मरतो. ट्रेड नवा दिसतो आणि आतून रबर कडक झालेलं असतं, मग एका गरम दुपारी प्रेशर अगदी बरोबर असताना ट्रेड सुटतो, आणि मॉनिटर वाजतं तेव्हा टायर आधीच गेलेला असतो. साइडवॉलवर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ब्रिटनमध्ये कॅरव्हॅनवाल्यांना सल्ला देतात की पाच वर्षांनी बदला आणि सात वर्षांपलीकडे वापरूच नका, आमच्या घरीही तेच पाळतो, इथलं ऊन तर तिथल्यापेक्षा कितीतरी कडक. सेकंडहँड व्हॅन घेणाऱ्यांनी मॉनिटरवर पैसे घालायच्या आधी हे चार आकडे वाचावेत, स्टेपनीचेसुद्धा.

पुण्याहून माझा मामेभाऊ विचारत होता, महाराष्ट्रात २०२१ मध्ये कॅरव्हॅन टुरिझमची पॉलिसी आल्यापासून त्याला मिनीबसच्या चॅसीवर कॅरव्हॅन बांधून भाड्याने द्यायची आहे. त्यालाही हेच सांगितलं, मागे जोडचाकं असतील तर सहा सेन्सर अधिक स्टेपनी, कमाल प्रेशर बघ, मेटल व्हॉल्व्ह, आणि तिकडे आंबेनळीसारखा घाट उतरताना ब्रेकच्या गरमीने चाकाचं टेंपरेचर चढतं तेव्हा अलार्म वाजला तर भाड्याने घेतलेल्या माणसाने काय करायचं हे मराठीत एका कागदावर लिहून डॅशबोर्डला चिकटव, कारण गाडी त्याची नसते आणि त्याला घाटात थांबायची भीती वाटते.

किमतीचं म्हणाल तर इथे आठ सेन्सरचं बरं किट रिपीटरसकट काही शे डॉलरला पडतं. टायरडॉग, टीएसटी, टायरपाल अशी बरीच नावं ऐकाल, मी कुणाचंच घोडं पुढे दामटत नाही, कारण एकच किट शेजारच्या काकांच्या सोळा फुटी व्हॅनला उत्तम चालतं आणि आमच्या लांब व्हॅनला सिग्नल देत नाही असं होतं. परत घेण्याची मुदत विचारून घ्या आणि त्या मुदतीतच वर सांगितलेली मागच्या चाकाची हवा सोडायची टेस्ट करा. सुटे सेन्सर एकेकटे मिळतात का, आणि पाच वर्षांनी मिळतील का हेही विचारा, एक सेन्सर हरवला म्हणून अख्खं किट नवीन घेणारे लोक मी बघितलेत. सुटा सेन्सर मिळत असेल तर एक जास्तीचा आत्ताच घेऊन ठेवा, स्क्रीनला ओळख करून द्या आणि नंबर टाकून टूलबॉक्समध्ये सेल आणि सुटे वॉशर यांच्याबरोबर ठेवा. आमच्या डब्यात व्हॉल्व्ह कोअर काढायची छोटी किल्ली आणि चार जास्तीचे कोअरही असतात, ती किल्ली हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळते.